पुढे वीज आहे

आईने भरून दिलेल्या दोन बॅगांमध्ये बाबांची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती. मेतकूट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, नातीसाठी दोन फ्रॉक आणि जावयासाठी तो जन्मात घालणार नाही असा कुर्ता, हे सगळं आईचं. त्या कुर्त्याच्या घडीत गुंडाळलेला, साबणाच्या वडीएवढा काळा डबा बाबांचा. घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. आधी बॅग उघडली, कुर्ता उलगडून बाजूला टाकला आणि डबा माझ्या हातात ठेवला.

"तुझ्या गाडीसाठी," म्हणाले, आणि मग चहा मागितला.

तो रडार डिटेक्टर होता. रस्त्याच्या कडेला वेग मोजणारा कॅमेरा दडलेला असेल तर लांबूनच त्याचा सुगावा घ्यायचा आणि ड्रायव्हरला वाजून सांगायचं, हे त्याचं काम. सोबत मोबाइलवर एक ॲप टाकायचं होतं. डबा आणि ॲप ब्लूटूथवरून एकमेकांशी बोलतात आणि दोघं मिळून तुम्हाला वाचवतात, असं खोक्यावर लिहिलं होतं. बाबांनी तो गुपचूप ऑनलाइन मागवला होता. आईला त्यांनी ते दाढीचं मशीन असल्याचं सांगितलं होतं.

या खरेदीचं कारण मी होते. पुण्यात वाढून स्कूटी न येणारी मुलगी आमच्या कॉलेजात मी एकटीच असेन. बाबांचा पुण्याच्या रस्त्यांवर भरवसा नव्हता, त्यामुळे कॉलेजला, क्लासला आणि पुढे पहिल्या नोकरीवरसुद्धा तेच मला त्यांच्या स्कूटरवरून सोडायचे. गाडी चालवायला मी शिकले ती थेट जर्मनीत, चाळिशी ओलांडल्यावर. आम्ही नेकारसुल्मपासून थोडं लांब, द्राक्षांच्या मळ्यांमधल्या एका गावात राहतो. नवरा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. माझी कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि ती गावाबाहेरच्या अशा वसाहतीत आहे, जिथे बस आपली तोंडदेखली येऊन जाते. गाडी नाही तर नोकरी नाही, असा सरळ मामला होता.

पहिल्या परीक्षेत मी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दिलं नाही म्हणून नापास झाले. दुसऱ्या परीक्षेत सगळ्यांनाच आधी जाऊ दिलं, तेव्हा परीक्षक म्हणाले की अशाने आपण आज घरी पोचणार नाही. तिसऱ्यांदा पास झाले. परवाना हातात आला की इथे दोन वर्षांची प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, सुरू होते. नव्या सुनेची पहिली दोन वर्षं असतात तसाच हा प्रकार. चुका घरात सगळेच करतात, पण लक्षात तिच्या ठेवतात. मर्यादेच्या वर वीसहून जास्त वेगाने जाताना एकदा जरी कॅमेऱ्यात सापडलं तर दोनाची चार वर्षं होतात, आणि शिवाय एका सुधारणा वर्गाला जाऊन बसावं लागतं. तिथे वर्गमित्र जेमतेम मिसरूड फुटलेले असतात. माझी प्रोबेत्साइट संपत आली होती आणि नेमकी आताच मला कॅमेऱ्यांची धास्ती बसली होती. इथे त्यांना ब्लित्सर म्हणतात. हे मी बाबांना फोनवर एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. ते फक्त 'हं' म्हणाले होते. दूरसंचार खात्यात जन्म काढलेला हा माणूस फोनवर कमीच बोलतो.

बाबांबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ते वाहनात झोपत नाहीत. मी लहान असताना आम्ही रात्रीच्या एसटीने नांदेडला आईच्या माहेरी जायचो. सगळी बस माना टाकून झोपलेली असायची. मला मध्येच जाग आली की बाबा तसेच ताठ बसून समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत असायचे. ड्रायव्हरचा डोळा लागला तर कुणीतरी जागं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बस रस्त्यावर राहते ती आपल्या बघण्यामुळे, अशी त्यांची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर माझीही होती. त्या भरवशावर मी पुन्हा गाढ झोपायचे. मुंबईहून फ्रँकफर्टला येतानाही ते समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत बसून आले. वैमानिक भला माणूस असेल, पण ओळखीचा नव्हता.

फ्रँकफर्टहून त्यांना घरी मीच आणलं. माझ्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते. बसल्या बसल्या त्यांनी खिडकीच्या वरचं हँडल उजव्या हाताने पकडलं आणि आमच्या दारात गाडी थांबेपर्यंत सोडलं नाही. पुढचा ट्रक दिसला की त्यांचा उजवा पाय खालची चटई दाबायचा. मी काही बोलले नाही, पण मला ते लागलं. त्या दिवसापासून माझी एकच इच्छा होती. परत जायच्या आत बाबांनी माझ्या गाडीत एकदा तरी ते हँडल सोडावं.

डबा बसवायचं काम रविवारी सकाळी सुरू झालं. बाबांनी आधी काच आतून स्पिरिटने पुसली. मग चिकटपट्टी लावून डबा काचेवर बसवला आणि डॅशबोर्डवरच्या छोट्या बुद्धमूर्तीसमोर तो येत नाही ना, हे दोनदा बघितलं. सिगारेट लायटरच्या खाचेतून आणलेली वायर त्यांनी दाराच्या रबराखाली अशी दाबून घेतली की कंपनीतूनच आली असं वाटावं. मी शेजारी फोन घेऊन बसले होते. मागच्या सीटवर आमची दहा वर्षांची मुलगी होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते.

ॲप उघडल्या उघडल्या त्याने परवानग्या मागायला सुरुवात केली. तुमचं ठिकाण बघू का, माइक वापरू का, फोनमधले नंबर बघू का. बाबांना परवानगी देण्याची सवय नव्हती. त्यांच्या खात्यात परवानगी मागणाऱ्याला उद्या या म्हणायची पद्धत होती. पण ॲपला उद्या या म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे त्यांनी नाइलाजाने एकेक मंजूर केली. मग ॲप डब्याला शोधू लागलं. त्याला आधी शेजाऱ्यांचा टीव्ही सापडला, नंतर कुणाचा तरी दात घासायचा ब्रश. ब्रशला ब्लूटूथ कशाला लागतं, यावर बाबा थोडा वेळ विचार करत बसले. तिसऱ्या खेपेला डबा सापडला. त्याचा निळा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला आणि बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. एक्स्चेंजची बंद पडलेली लाइन सुरू झाली की ते असंच करायचे.

भाषेच्या यादीत मराठी नव्हती. बाबांनी हिंदी निवडली. मग एक लांबलचक सूचना आली, ती मात्र जर्मनमध्येच होती, ती न वाचता त्यांनी 'मान्य' दाबलं. आणि लगेच गाडीच्या स्पीकरमधून एक बाई करड्या आवाजात म्हणाली, "सावधान! आगे कैमरा है." आमची गाडी आमच्याच दारात उभी होती आणि पुढे फक्त शेजाऱ्यांची कुंडी होती.

पाठोपाठ डबाही वाजायला लागला. रस्त्यावरून जाणाऱ्या दर दुसऱ्या गाडीला तो कॅमेरा समजत होता. हल्लीच्या गाड्यांमध्ये मागून-बाजूने येणारं वाहन ओळखायला छोटे रडार असतात. आमच्या भागात निम्मं गाव मोटारींच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे गाड्या सगळ्यांच्या नव्या. जर्मनीतल्या रविवारी, जेव्हा आवाज होतो म्हणून काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकायलाही बंदी असते, तेव्हा आमच्या दारातून 'सावधान' आणि टिटटिट चालू होतं. समोरच्या घराचा पडदा हलला. नवरा चपला घालून खाली आला.

तेवढ्यात मागच्या सीटवरून माझा फोन ओढून घेऊन मुलीने ती 'मान्य' केलेली सूचना शोधून काढली होती. ती तिने शांतपणे शेवटपर्यंत वाचली.

"आजोबा, दास इस्ट फेरबोटन," ती म्हणाली. म्हणजे हे बेकायदेशीर आहे.

पुढचं नवऱ्याने समजावून सांगितलं. तो इथे पंधरा वर्षं राहून असा झालाय की लाल सिग्नलला चालत असतानासुद्धा रिकाम्या रस्त्यासमोर थांबतो. गाडी चालवताना असा डबा वापरायचा तर नाहीच, पण लगेच वापरता येईल असा सोबत ठेवायचाही नाही. फोनवरचं ॲपही चालत नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या फोनवर असेल आणि त्याने ड्रायव्हरला सांगितलं, तर तेही चालत नाही. पकडलं तर दंड, वर पॉइंट, आणि पोलीस डबा काढून घेऊन नष्ट करू शकतात.

"नष्ट म्हणजे फोडतात?" बाबांनी विचारलं.

नवरा हो म्हणाला. बाबांनी बटण दाबून डबा बंद केला. दाराच्या रबराखालची वायर सोडवून त्यांनी तिची व्यवस्थित गुंडाळी केली आणि रबरबँड लावला. काचेवरच्या चिकटपट्टीचा डाग राहिला होता, तो पुन्हा स्पिरिटने पुसला. मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर मला नवऱ्याचा राग आला, मग कायद्याचा, आणि मग त्या ॲपमधल्या बाईचा.

 जेवताना वरण-भात संपेपर्यंत बाबा काहीतरी मनात जुळवत होते. ताक पिऊन झाल्यावर त्यांनी वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"जावईबापू, मला माझ्या डोळ्यांनी कॅमेरा दिसला, आणि मी हिला तोंडाने सांगितलं, तर?"

नवऱ्याने विचार केला. मग फोन काढून त्याने बराच वेळ काहीतरी वाचलं. डोळ्यांवर बंदी नाही, असं तो शेवटी म्हणाला.

"गेनाऊ?" बाबांनी विचारलं. म्हणजे अगदी, नेमकं. जर्मनीत दोन दिवसांत हा एक शब्द त्यांनी जावयाकडूनच उचलला होता.

"गेनाऊ," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा कामावर रुजू झाले. डबा दिवाणखान्यातल्या शेल्फवर गेला. रोज नाश्त्यानंतर ते तो उभ्या गाडीत नेऊन पाच मिनिटं चालू करायचे, इंजिन बंद ठेवून. उभ्या गाडीत हे चालतं का, हेही त्यांनी जावयाकडून आधी विचारून घेतलं होतं. नाही वापरली तर वस्तू बिघडते, असं त्यांचं म्हणणं. आणि संध्याकाळी मी ऑफिसातून आल्यावर दुकानात, नाहीतर मुलीच्या पोहण्याच्या क्लासला जायला निघाले की ते आधीच बूट घालून तयार असायचे.

ब्लित्सर हा शब्द काही त्यांच्या तोंडात बसेना. नातीने सांगितलं की ब्लित्स म्हणजे वीज. मग ते वीजच म्हणायला लागले. "पुढे वीज आहे," असं ते म्हणायचे, हँडल पकडून, मान पुढे काढून, आणि कॅमेऱ्याच्या इतकं आधी की मागच्या गाडीवाल्यांना मी कशासाठी हळू झाले ते कळायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विजेच्या पेट्या, पार्सलची कपाटं, मधमाश्यांच्या पेट्या आणि एकदा एका कबरस्तानाचं कारंजं यांच्यापासून वाचवलं. एकदा मात्र झाडीत उभा केलेला राखाडी ट्रेलर त्यांनी हेरला, आणि तो खरोखरच कॅमेरा निघाला. त्या दिवशी त्यांनी आईला आपण होऊन फोन लावला. सकाळच्या फिरण्यातही ते रस्त्यांची पाहणी करून यायचे. कुठे पन्नासची मर्यादा संपून तीसची सुरू होते, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं.

मला याचा वैताग यायचा नाही असं नाही. एकदा चौकात ते "माणूस आहे, माणूस आहे" म्हणाले तेव्हा मी ताडकन म्हटलं की बाबा, मला दिसतंय.  घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, फक्त हात हँडलवरून हलला नाही. त्यांना वीज दिसायची, ट्रेलर दिसायचा, तीसची पाटी दिसायची. शेजारी बसलेली बाई रोज या रस्त्यांवरून धड ऑफिसला जाऊन धड परत येते, एवढं मात्र दिसत नव्हतं.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम कायझर्सलाउटर्नला होता. तिथल्या विद्यापीठातल्या आपल्या मुलामुलींनी एक हॉल घेतला होता. नवऱ्याची शनिवारची शिफ्ट होती, म्हणून मी, बाबा आणि मुलगी असे तिघंच गेलो. एवढ्या लांबचा ऑटोबानचा प्रवास मी बाबांना घेऊन पहिल्यांदाच करत होते. जाताना त्यांनी पूर्ण वेळ पहारा दिला. ऑटोबानवर ज्या भागात वेगाला मर्यादाच नाही तिथेही ते वीज शोधत होते. तिथे शोधून उपयोग नाही, असं मी सांगितलं. तरी लक्ष असावं, असं त्यांचं मत पडलं.

कार्यक्रम चांगला झाला. वंदना झाली, भाषणं झाली, एका मुलाने, डॉक्टरेट सोडून गायक व्हावं अशा आवाजात, गाणं म्हटलं. बाबांना पुढच्या रांगेत बसवलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ते खरोखर दोनच शब्द बोलले. जेवायला पुरी, मटार-बटाट्याची भाजी आणि खीर होती. पोरांनी त्यांना तीनदा खीर वाढली. आजोबा म्हणून आग्रह झाला की बाबांना नाही म्हणता येत नाही.

परतीला ऊन छान पडलं होतं. ऑटोबान सोडून आम्ही आमच्या भागातल्या लहान रस्त्यांना लागलो. मळे हिरवे व्हायला लागले होते. मागे मुलगी कानात हेडफोन घालून बसली होती. एक गाव गेलं, दुसरं आलं, आणि माझ्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात कुणी काही बोललेलं नाही. आधी वाटलं, बाबा रागावलेत. मी उजवीकडे बघितलं.

हँडल मोकळं होतं. बाबांचा उजवा हात मांडीवर पडला होता, तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली. मान काचेकडे कलली होती आणि तोंड थोडं उघडं. ते झोपले होते. नुसते डोळे मिटून बसले नव्हते, तर बारीक घोरत होते. नांदेडच्या सगळ्या रात्री जाग्या काढलेला माणूस माझ्या गाडीत, मी चालवत असताना, भर दुपारी घोरत होता. मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना. मी त्यांच्याकडे बघायला हवं होतं त्यापेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिले.

तेवढ्यात लाल वीज चमकली.

गावात शाळेपाशी पन्नासची तीस होते. ती पाटी वाचून दाखवणं बाबांचं काम होतं. मी काट्याकडे बघितलं तर तो पंचावन्नवर होता. बाबा दचकून जागे झाले, सरळ बसले, आणि त्यांचा हात आपोआप हँडलवर गेला.

"वीज?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुढे?"

"मागे गेली, बाबा."

मागून मुलीने हेडफोन काढून जर्मनमध्ये जाहीर केलं की आईचा फोटो निघाला. 

संध्याकाळी नवरा आल्यावर बाबा उभे राहिले. खात्यात साहेबांपुढे झालेल्या चुकीचा खुलासा करावा तसे ते म्हणाले की कामावर असताना मला झोप लागली, तिची यात चूक नाही. नवऱ्याने त्यांना खाली बसवलं आणि हिशेब मांडला. पंचावन्न म्हणजे तीसच्या वर पंचवीस. पण गाडीतला काटा नेहमी थोडा वाढवूनच दाखवतो, कारखान्यात तो मुद्दाम तसा ठेवतात. शिवाय यंत्राची चूक धरून कार्यालय तीन वजा करतं. त्यामुळे वीसच्या आत येऊही शकतं आणि नाहीही. मी मनातल्या मनात त्या मिसरूडवाल्या पोरांच्या वर्गात बाकावर जागा धरून ठेवली.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. दंड, प्रोबेत्साइट, चार वर्षं, सुधारणा वर्ग. आईने ते ऐकलंच नाही. ती मध्येच थांबवून म्हणाली, "झोपले? गाडीत?" मी हो म्हटलं.  ती म्हणाली, "अंगात ताप आहे का बघ." मी जाऊन बाबांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. बाबांनी खीर सोडली. गाडीत ते आता दोन्ही हातांनी बसायचे, एक हँडलला आणि एक सीटला. त्यांना समजावून काही उपयोग नव्हता. ते मला हवं तसं एकदा बसले होते, आणि त्याचीच ते स्वतःला शिक्षा करत होते. सुधारणा वर्गापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटत होतं.

पत्र आलं ते नवऱ्याने उघडलं. या घरातली सरकारी पत्रं तोच उघडतो. तो ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. मोजलेला वेग त्रेपन्न, सवलत तीन वजा, मर्यादा तीस. जास्तीचा वेग वीस. वीसहून जास्त असता तर गंभीर. त्याने पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"गेनाऊ वीस," तो म्हणाला. दंड भरायचा, बाकी काही नाही. मी खुर्चीवर बसले. 

बाबांनी पत्र मागून घेतलं. त्यांना जर्मन वाचता येत नव्हतं, पण खाली फोटो छापला होता. काळ्या-पांढऱ्या फोटोत आमची गाडी समोरून. स्टिअरिंगमागे मी, अगदी ओळखू येण्यासारखी. माझ्या शेजारी, जिथे बाबांचं डोकं असायला हवं होतं, तिथे एक काळा चौकोन. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"माझं तोंड काळं केलंय," ते म्हणाले.

मराठीत या वाक्याला एकच अर्थ आहे, आणि त्यांनी तो मनापासून मान्य केल्यासारखा चेहरा केला होता. झोपलेल्या पहारेकऱ्याचं सरकार दुसरं काय करणार. नवऱ्याला हसू आवरेना. इथे शेजारी बसलेल्याचा चेहरा झाकूनच फोटो पाठवतात, ज्याचा गुन्हा नाही त्याचं तोंड कागदावर कशाला, असा इथला दातनशुत्सचा, म्हणजे खासगी माहिती जपण्याचा, नियम आहे, हे त्याने हसत हसत समजावलं. ज्याचा गुन्हा नाही, हे शब्द बाबांनी त्याला पुन्हा म्हणायला लावले. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"तू रस्त्याकडे बघत नाहीयेस," ते मला म्हणाले.

खरंच होतं. फोटोत मी मान वळवून त्या काळ्या चौकोनाकडे बघत होते. आणि दात दिसतील इतकी हसत होते.

"हसतेयस कशाला?"

"तुम्ही घोरत होतात, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी फोटो खाली ठेवला, पुन्हा उचलला. रस्त्याकडे बघायचं असतं, एवढं ते म्हणाले. संध्याकाळी पोहण्याच्या क्लासला निघालो तेव्हा त्यांनी वीज आहे असं एकदाही सांगितलं नाही. हँडल धरलं होतं, पण दोन बोटांनी.

जायच्या आधी त्यांनी नवऱ्याकडून त्या पानाची रंगीत प्रत काढून घेतली. मूळ फोटोतच रंग नव्हता, तरी रंगीत. डबाही परत नेला. पुण्यात तो चालतो की नाही हे त्यांनी कुणाला विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात माझी प्रोबेत्साइट संपली, ते सांगायला मी व्हिडिओ कॉल लावला. आईच्या मागे शोकेसमध्ये माझ्या पदवीच्या फोटोशेजारी ती प्रत फ्रेम करून ठेवलेली दिसत होती. तेवढ्यात समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. शोकेसपाशी वाकून त्यांनी विचारलं, फोटोला हा डाग कसला पडलाय.

"डाग नाहीये तो," आई म्हणाली. "हे आहेत. लेकीच्या गाडीत झोपलेत."